जुना काथ्या

नाशिकला द्वारकेवरून वडाळा नाक्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेला पंक्चरवाल्यांच्या आणि बॅटरीवाल्यांच्या टपऱ्या होत्या. त्यांच्या शेवटी झुंबर पगारेची पत्र्याची शेड. पाटी नव्हती, पण दारात कुणाच्या तरी गाडीची सीट स्प्रिंगा वर करून उलटी पडलेली असायची, तीच पाटी. मी तेव्हा नाशिक-मुंबई टॅक्सी चालवायचो. अ‍ॅम्बेसेडर दुसऱ्याची, मी नुसता ड्रायव्हर. बहात्तरच्या दुष्काळानंतर एकदा तिची पुढची सीट इतकी खाली बसली की मला बॉनेटपलीकडचा रस्ता नीट दिसेना. मालक नवी सीट घालायला तयार नव्हता. स्टँडवरच्या कुणीतरी झुंबरचं नाव सांगितलं.

झुंबर शेडबाहेर आला आणि स्वतःच सीटवर बसला. आधी स्टीअरिंगपाशी, मग मधे, मग दरवाजाच्या कडेला. डोळे मिटून थोडं थोडं हलत होता. उतरल्यावर म्हणाला, "उजवी बाजू मेलीय, डावी जिवंत हाय. नवी कशाला पाहिजे?"

त्यानं सीट सोडवली. डावीकडच्या ताठ स्प्रिंगा उजवीकडे आणल्या आणि उजवीकडच्या ढिल्या स्प्रिंगा सुतळीनं आवळून डावीकडे बसवल्या. रेक्झिन माझ्या मांडीखाली फाटलं होतं. सीटच्या पाठीच्या मागच्या अंगाला, जिथं कुणाचा हात लागत नाही, तिथलं चांगलं रेक्झिन कापून त्यानं पुढं लावलं, आणि मागं साधं कापड ठोकून दिलं. आतला काथ्या घामानं आणि वर्षानुवर्षांच्या धुळीनं खापरासारखा झाला होता. तोसुद्धा त्यानं टाकला नाही. घमेल्यात भरला आणि शेडच्या मागच्या बाजूला गोणपाटाचा पडदा होता, त्याच्याआड नेऊन दिला.

पडद्याआड त्याची बायको होती, सुलाबाई.

झुंबरचं काम स्वस्त पडायचं ते याच्यामुळे. दुसरे कुशनवाले जुना माल फेकून नवा भरायचे आणि त्याचे पैसे लावायचे. झुंबर हे काम देवळाली कॅम्पातल्या एका गॅरेजात शिकला होता, पण तिथून काही वेगळं डोकं घेऊन बाहेर पडला. सीटमधलं निम्मं सामान मेलेलं नसतं, दमलेलं असतं, असं तो म्हणायचा. दमलेल्याला मोकळं करायचं काम सुलाबाईचं. ती काथ्याचे गठ्ठे काठीनं बडवायची, मग हातानं बट बट सोडवायची, जुना कापूस पिंजायची. गठ्ठा आत गेला की दुपारपर्यंत त्याचा दुप्पट फुगलेला ढीग बाहेर यायचा आणि त्याच्यामागून सुलाबाई यायची, भुवया आणि पापण्या पिवळ्या झालेल्या.

बोलकी बाई. सीटच्या फटीत काय काय सापडलं ते आम्हाला दाखवायची. केसांचे आकडे, बटणं, चिंचोके, एकदा कुणाच्या तरी तान्ह्या पोराचं चांदीचं वाळं. त्या वाळ्यापायी तिनं त्या गाडीच्या ड्रायव्हरला आठवडाभर छळलं, अमकी सवारी कुठली, तमकी कुठली, आणि शेवटी पिंपळगाव बसवंतच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे ते पोचतं केलं. झुंबर कमी बोलायचा. तिचं बोलणं चालू असलं की त्याचा हात मात्र भराभर चालायचा.

पडद्याचं कारण साधं होतं. बडवलेली धूळ नव्या शिवलेल्या रेक्झिनवर बसायची आणि गिऱ्हाईक कुरकुर करायचं. म्हणून सुलाबाईनं दोन गोणपाटं जोडून मधे टांगली. धूळ मग बाहेर येईनाशी झाली. मागच्या भिंतीला खिडकी नव्हती.

चांगली वर्षं गेली. टॅक्सीवाले होतेच, पिंपळगावचे टेम्पोवाले यायला लागले, सातपूरच्या कारखान्यांच्या जीपगाड्या यायला लागल्या. झुंबर-सुलाबाईची एकुलती एक मुलगी चंद्रभागा शाळा शिकली. सातपूरला एका कंपनीत कामाला असलेला मुलगा पाहून तिचं लग्न झालं. त्या लग्नात वऱ्हाडाच्या सगळ्या गाड्या झुंबरच्या हातच्या सीटांच्या होत्या, आणि सुलाबाई प्रत्येक पाहुण्याला विचारत होती, बसायला नीट वाटलं का.

खोकला लग्नाच्या आधीपासूनच होता. आधी थंडीतला वाटला. मग तो उन्हाळ्यातही राहिला. सकाळी कामाला बसली की छाती आवळल्यासारखी व्हायची, असं ती सांगायची, आणि सुट्टीच्या दिवशी मोकळं वाटायचं. दर पावसाळ्यात भातलावणीला ती घोटीकडे माहेरी जायची. तिथं दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून काम करायची आणि एकदाही खोकायची नाही. परत आली की आठ दिवसांत पुन्हा सुरू. सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की तिला नाशिकचं पाणी मानवत नाही, माहेरचं मानवतं. झुंबर मग कुणी घोटीहून येणारं असलं की कॅन भरून पाणी मागवायचा. मीही आणून दिलंय.

एका हिवाळ्यात ती फार खंगली. लोक कुजबुजायला लागले, क्षय असेल. दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, आणि क्षय नाही असं निघालं. त्या दिवशी झुंबरनं स्टँडवर येऊन आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. मी त्याला इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. सुलाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पडद्याआड जाऊन बसली.

त्यानंतर दोनेक वर्षांत तिला शेडपासून घरापर्यंत चालवेना. मधे थांबायची, कुणाच्या तरी ओट्यावर बसायची, हसून म्हणायची, जरा गाडी गरम झाली. शेवटी चंद्रभागेनं हट्ट धरला की मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवायचंच. मालकाला सांगून मी एक दिवस सवारी न घेता झुंबर आणि सुलाबाईला घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण होता. त्यानं तपासलं, फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, बाई काम काय करतात. सुलाबाईला बोलताना धाप लागत होती म्हणून झुंबरनंच सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं. जुना काथ्या कसा सोडवायचा, कापूस कसा फुलवायचा, दुसरे फेकून देतात ते ही कशी वाया जाऊ देत नाही. डॉक्टरनं ऐकून घेतलं. मग विचारलं, हे काम उघड्यावर चालतं का बंद जागेत.

झुंबर म्हणाला, "बंद. मधे पडदा हाय."

डॉक्टरनं सुलाबाईला बाहेर बसायला सांगितलं. मी दाराशी होतो म्हणून मला ऐकू आलं. धुळीनं फुप्फुसं आतून कडक झाली होती. झालेलं नुकसान भरून येणारं नव्हतं. आता काम बंद करायचं आणि आहे तेवढं जपायचं. क्षय असता तर औषधं होती, असंही तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर झुंबर माझ्या शेजारी बसला होता आणि सुलाबाई मागे. कसारा घाट चढून इगतपुरीला मी चहासाठी गाडी थांबवली. तो उतरला नाही. सुलाबाई मागूनच म्हणाली, "काय म्हणला डाक्टर? सांगा तरी."

त्यानं मागं न बघता डॉक्टर म्हणाला ते सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हंजे पाण्याचं काय नव्हतं."

"नाय."

"मग एवढी कॅनं उगा वाहिली लोकांनी." आणि तिला हसू आलं. हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर ती म्हणाली, "तुम्ही असं तोंड करून बसू नका. पडदा मी बांधला व्हता. तुम्ही नाय."

झुंबर म्हणाला, "मी तो इतकी वर्सं बघत व्हतो."

मी उतरून चहाचे ग्लास घेऊन आलो. त्याचा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गोणपाट फाडून काढलं आणि मागच्या पत्र्याला मोठं भगदाड पाडलं. शेडमधला जुना काथ्या सगळा बाहेर काढला. त्या दिवसापासून जुनं पिंजायचं काम त्यानं बंद केलं. गाडी आली की सांगायचा, फोम घाला नाहीतर नवा काथ्या घाला, जुनं सोडवून मिळणार नाही. गिऱ्हाईकं वैतागली. कारभारी नावाचा टेम्पोवाला होता, झुंबरचा जुना माणूस, तो म्हणाला की नवंच घालायचं तर तुझ्याकडे कशाला यायचं, बाजारात काय दुकानं नाहीत? झुंबरनं त्याला कारण सांगितलं नाही. मान खाली घालून शिवत राहिला. कारभारी गेला तो गेला. त्याच्यामागं बरेच गेले. मला कारण माहीत होतं, पण झुंबरनं स्टँडवर बोलू नको म्हणून सांगितलं होतं. सुलाबाईच्या आजाराची चर्चा त्याला नको होती.

तिला घरी बसवेना. ती शेडच्या बाहेर, वारा येईल त्या अंगाला स्टूल टाकून बसायची आणि शिवणीची टोकं कापून द्यायची. गाडी परत गेली की तिला वाईट वाटायचं. एकदा मला म्हणाली, "सहादूभाऊ, तुम्ही सांगा ना यांना. मी नसंल करत, तोंड बांधून दुसरं कुणी करंल. धंदा जातोय." मी सांगून पाहिलं. झुंबर म्हणाला, "दुसरं कुणी म्हंजे दुसऱ्याची बाईच ना?" पुढं मी तो विषय काढला नाही.

मग तिला आडवं पडणंच बंद झालं. पाठ टेकली की श्वास अडकायचा. भिंतीला उशा लावून बसून झोपायची, पण झोपेत घसरली की गुदमरून उठायची. तेव्हा झुंबरनं तिच्यासाठी एक सीट बनवायला घेतली.

मोडीत निघालेल्या एका गाडीचा सांगाडा त्यानं भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून आणला. त्यावर पाठ किती कलती हवी हे तो रोज बघायचा. ती बसायची, तो तिच्या शेजारी जमिनीवर बसून तिचा श्वास ऐकायचा, मग सांगाडा पुन्हा काढायचा आणि खालचा ठोकळा बदलायचा. कमरेपाशी स्प्रिंगा मऊ, खांद्यापाशी ताठ, डोकं एका बाजूला कलू नये म्हणून दोन्हीकडे छोट्या लोडासारखी उंची. कापूस नवा घेतला होता, पण तोही त्यानं नदीकाठी नेऊन उन्हात झटकला, कापडातून गाळल्यासारखा. वरून रेक्झिन लावलं नाही, घाम येतो म्हणून. तिच्या जुन्या सुती लुगड्याचं कव्हर शिवलं.

सुलाबाईनं त्यात खोड काढली. हाताला टेकू नाही म्हणाली. त्यानं हात बसवले. मग म्हणाली, उंच झालं, पाय लोंबतात. त्यानं पायाखाली पाट केला. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा ती त्यात बसली होती, डोळे मिटून, आणि खरोखर झोपली होती. झुंबर दारात बसला होता. मला हातानं थांब म्हणाला. आम्ही दोघं तसेच बाहेर बसलो. आत तिचा श्वास चाललेला ऐकू येत होता, कुणीतरी लांबवर करवत ओढावी तसा.

ती त्या सीटवर एक पावसाळा आणि एक हिवाळा राहिली. चंद्रभागा सातपूरहून बसनं येऊन-जाऊन करत होती. माघ संपता संपता एका दुपारी झुंबर तिला भाकरी दुधात कुस्करून भरवत होता. दोन घास तिनं घेतले, तिसऱ्याला तोंड फिरवलं. त्याला वाटलं नको झालं असेल. त्यानं ताटली खाली ठेवली, तिचं तोंड पुसलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

वस्तीतले लोक पांढऱ्या कपड्यांत आले, बुद्धवंदना झाली. स्टँडवरचे आम्ही सगळे होतो. कारभारीही आला होता. त्याला कुणीतरी सगळं सांगितलं असावं, कारण तो झुंबरच्या समोर आला आणि नुसता उभा राहिला. झुंबरनंच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर घरात त्या सीटचं काय करायचं असा प्रश्न आला. चंद्रभागेला ती ठेवायची होती. झुंबरनं ऐकलं नाही. वस्तीत बुधा म्हणून एक म्हातारा दमेकरी होता, झुंबरनं ती हातगाडीवर घालून त्याच्याकडे नेली, त्याला बसवून पाहिलं, आणि तो ठेंगणा असल्यामुळे पायाखालचा पाट उंच करून दिला.

शेड त्यानं आणखी थोडी वर्षं चालवली. तोवर मारुती गाड्या रस्त्यावर आल्या होत्या आणि तयार कव्हरं दुकानांत टांगलेली मिळायला लागली होती. अ‍ॅम्बेसेडरवाले आम्हीसुद्धा कमी झालो. झुंबरकडे फक्त शिवण उसवलेली कामं यायची. शेवटी चंद्रभागेनं त्याला सातपूरला नेलं.

सत्त्याऐंशीच्या सुमारास मी तिकडे एका कामासाठी गेलो होतो, म्हणून त्याला भेटलो. म्हातारा वाटला, पण तब्येत बरी होती. चंद्रभागा चहा करताना हळूच मला म्हणाली, "काका, बाबांना जरा समजवा. लोक हसतात." त्यांच्या घरापासून थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला गाद्या भरणाऱ्यांचं पाल होतं. बायका तिथं दिवसभर जुना कापूस पिंजायच्या. झुंबर रोज सकाळी तिथं जायचा आणि त्यांना तोंडाला फडकं बांधा म्हणून सांगायचा. त्या हाकलायच्या, तो दुसऱ्या दिवशी परत जायचा. घरातल्या जुन्या धोतरांची फडकी फाडून घेऊन जायचा.

मी त्याला काही समजावलं नाही. निघताना तो मला सोडायला म्हणून बाहेर आला आणि पालापाशी थांबला. त्यातल्या एका बाईनं त्याला पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि गळ्यातलं फडकं ओढून नाकावर घेतलं. बाकीच्या हसल्या.

"ही घेते," झुंबर मला म्हणाला. "मी गेल्यावर काढते. पण मी हाय तवर घेते."

मग तो तिथंच एका गठ्ठ्यावर टेकला. मी गाडी सुरू केली.