धरला का?

वाळूजच्या आमच्या कंपनीत तो दोनच दिवस आला होता, प्रोग्राम दुरुस्त करायला. चहाचा ग्लास पुढं केला की "धरला का?" असं विचारायचा, आणि मी हो म्हटल्यावरच बोटं काढायचा.

मी माझ्या स्क्रिप्टमधून सी भाषेतलं तयार फंक्शन बोलवायचे, त्याला मजकुराचा मेमरीतला पत्ता द्यायचे, आणि प्रोग्राम मधेच कोसळायचा. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. "ताई, पत्ता बरोबर हाय. पण ते फंक्शन मजकूर वाचतं नंतर, अन् तुमची स्क्रिप्ट ती जागा आधीच मोकळी करून टाकती. समोरच्याचं काम होईस्तोवर आपण सोडायचं नाय."

दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. नाव विचारलं की आडनाव निघायचं, आणि आडनावावरून लोक बाजू ठरवायचे. म्हणून मी त्याला नाव विचारलंच नाही. मला तो सभ्यपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारीच शहरात बंद पुकारला, बस थांबल्या. त्याचं घर हर्सूलला, शहराच्या पार पलीकडं. तरी तो आधी मला सोडायला बजाजनगरला माझ्या दारापर्यंत चालत आला. आईनं माझा हात धरला, तेव्हाच "येतो" म्हणून वळला.

"अगं, एवढं लांब जायचंय त्याला. पाणी तरी पिऊन जा म्हणावं. हाक मार!" आई म्हणाली.

रस्त्यावर सगळेच पायी निघालेले. मी "अहो!" म्हणून ओरडले. चार अनोळखी माणसांनी वळून बघितलं. तो चालत राहिला.