चंद्राक्काची हनवटी

एकोणीसशे चोपन्न सालच्या वैशाखात एका रविवारी माझ्या धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, हातांवरचे केस काढून देण्याची मजुरी ठरली. अर्धा शेर साखर आणि सहा लिंबं. ठरवताना आमच्या लालबागच्या खोलीत आई, माझी बायको मालती, कुसुम, चंद्राक्का आणि मी असे हजर होतो. व्यवहार पक्का होताच मला बाहेर गॅलरीत काढण्यात आलं आणि दार लोटून घेतलं गेलं.

त्याआधी मी विचारलं होतं, "पैसे किती द्यायचे, आक्का?"

"पैशे माका गिरण देता," ती म्हणाली. "हेचे पैशे घेतले तर मी न्हावी झालंय. साखर-लिंबू दी. त्यातलोच पाक करतलंय. उरतला ता माझा."

चंद्राक्का आमच्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत एकटी राहायची आणि जवळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायचं काम करायची. चाळिशीच्या आसपासची, उंच, हाडापेराने मजबूत बाई. कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात काळी पोत. बोलता बोलता उजव्या हाताची बोटं उलटी करून हनवटीवरून फिरवायची तिला सवय होती. दाढी झाल्यावर पुरुष चाचपून बघतात, अगदी तशी. मला आधी वाटायचं की ही विचार करते आहे. पुढे कळलं, ती तपासत होती.

कुसुमला तोवर दोन स्थळांनी नाकारलं होतं. दुसऱ्या खेपेला मुलाच्या आत्याने बांगड्या बघायच्या निमित्ताने तिचं मनगट हातात घेतलं आणि बाही सहज वर सारली. जिना उतरताना ती जे म्हणाली ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "पोरगी चांगली आहे हो, पण हातावर जंगल आहे." त्या रात्री कुसुम जेवली नाही. आई चंद्राक्काच्याच मुलखातली. दुसऱ्या दिवशी तिने चंद्राक्काचं दार वाजवलं.

तिची रीत अशी. साखर आणि लिंबाचा रस पितळेच्या पातेलीत मंद आचेवर ठेवून गोळीबंद पाक करायचा. तो दगडी पाटावर ओतून कोमट झाला की ओल्या हाताने मळायचा, मळून मळून मोत्यासारखा पांढरट करायचा. मग त्याचा गोळा कातडीवर दाबून पसरायचा आणि एका झटक्यात ओढायचा. तिची आई भायखळ्याला एका बगदादी यहुदी घरात मोलकरीण होती. त्या घरच्या बायका हे आपसांत करत. चंद्राक्का लहानपणी आईबरोबर तिथे जाऊन ते शिकली.

गॅलरीत बसून मला आतलं ऐकू येत होतं. कुसुम कळवळली की चंद्राक्का म्हणे, "वराडतस कित्या गे? वराडूक लगीन झाल्यार खूप मिळतला." आई हसू लागली. आमच्या घरात आठवडाभराने कोणी हसलं होतं.

काम संपल्यावर तिने मला आत बोलावून बजावलं. "भाऊ, तुझो वस्तरो हिच्या हाती लागाक देव नको. केस कापलो की रागान येता, राकट येता. मुळासकट काढलो की दमता. पण त्येका दमाक वर्सां लागतत. मधीच सोडलात तर माझ्याकडे येव नको."

मला हिशेबाची सवय. गिरणीच्या पगार खात्यात कारकून होतो. कुसुमच्या बाबतीत ती म्हणाली तसंच झालं. आधी तीन आठवड्यांनी केस दिसू लागत, वर्षभरात महिना-सव्वा महिना जाऊ लागला, आणि जे येत ते पूर्वीपेक्षा बारीक आणि विरळ येत. पण हे सगळ्यांनाच लागू पडत नसे. खालच्या मजल्यावरच्या एका मुलीला काही केल्या फरक पडेना. तिला चंद्राक्काने आशा लावून ठेवली नाही. "तुझो केस हट्टी आसा. माझ्यान दमाचो नाय. काढीत रव, नायतर सोडून दी." पुढल्या वर्षी कुसुमचं लग्न होऊन ती गिरगावात गेली. तिथूनही दीड-दोन महिन्यांनी पिशवीत साखर आणि लिंबं घेऊन ती यायची.

चंद्राक्का स्वतःच्या हनवटीवर हे कुणासाठी करत होती ते तिने फक्त मालतीला सांगितलं आणि मालतीने मला. छत्तीस सालच्या सुमारास कुडाळकडे तिचं लग्न झालं होतं. नवरा सखाराम मुंबईला गिरणीत विणकर. लग्नानंतर काही महिन्यांत तिच्या हनवटीवर आणि ओठावर केस येऊ लागले, चांगले काळे, पुरुषासारखे. सासू म्हणाली, ही बाई नव्हे. नवऱ्याने तिला माहेरी पोचवलं आणि दुसरी केली. तो परळला राहायचा. ती लालबागला. मध्ये चालत अर्ध्या तासाची वाट, पण वीस वर्षांत ती तिथे गेली नाही की तो इथे आला नाही. त्या वीस वर्षांत तिने हनवटीवर एक केस टिकू दिला नाही. आरशासमोर बसून स्वतःच गोळा लावायची आणि ओढायची. शेवटी शेवटी ओढायला फारसं काही येईनासं झालं. हनवटी लहान मुलीसारखी नितळ झाली.

"आता कशाला करतेस, आक्का?" मालतीने तिला विचारलं होतं.

"एकदा त्येनी माझी हनवटी बघूक व्हयी," ती म्हणाली. "मगे काय नको माका."

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले, संचारबंदी लागली. ती उठल्यावर काही दिवसांनी बाबू नावाचा एक विशीतला मुलगा चंद्राक्काला शोधत आला. सखारामचा पुतण्या. मोर्च्यात लाठी लागून त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. तो दारातच उभा राहून बोलला. "काकी, धाकटी काकी गेल्या साली वारली. काकांका मूल नाय. दोनय डोळे गेले त्येंचे. चुकलंय म्हणतत. मराच्या आधी तिका घेवन ये म्हणतत."

चंद्राक्काने बोटं हनवटीवरून फिरवली. मग म्हणाली, "डोळे गेले?"

"दीड वर्स झाला."

ती खोलीत गेली. मालती मागोमाग गेली तर ती आरशासमोर बसली होती.

तिच्यासोबत मी गेलो. एकट्या बाईने जाऊ नये म्हणून आईने मला पाठवलं. सखाराम खाटेवर उशाला टेकून बसला होता, माणूस वाळून काठी झालेला. बाबूने काकी आल्याचं सांगितलं तेव्हा तो सावरून बसला.

"खय? हयसर बस म्हण."

ती खाटेच्या कडेला बसली. "मी इलंय," ती म्हणाली.

"आवाज ओळखाक येणा नाय."

"कसो येतलो? तुमच्या घरात माका बोलूक खय मिळाला?"

तो जरासा हसला. मग त्याने हात पुढे केला. तिचं कपाळ, नाक, गाल चाचपत हात हनवटीशी आला. मी समोर उभा होतो म्हणून हे सांगू शकतो. तिने डोळे मिटले आणि हनवटी किंचित वर केली. हात एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला, परत आला, पुन्हा गेला. मग त्याने तो मागे घेतला.

"ही ती नाय," तो म्हणाला. "तिका दाढी होती."

बाबू गडबडला. "काकानू, काकीन ती काढली. वीस वर्सां काढीत इली."

"काढलेलो केस परत येता. माझी दाढी काय थांबली हा? माका आंधळो बघून फसवतास तुम्ही. ह्या खोलीसाठी कोणाक तरी हाताशी धरून हाडल्यास."

तिने त्याला घरापुढचा फणस सांगितला, सासूचं नाव सांगितलं, लग्नात कोणाशी कशावरून भांडण झालं ते सांगितलं. "नाव-गाव कोणय पाठ करून येयत," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. बाबू त्याच्याशी वाद घालू लागला तेव्हा चंद्राक्कानेच त्याला थांबवलं. "रवांदे रे. त्येंची चूक नाय."

परत येताना वाटेत सगळ्या भिंतींवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रंगवलेल्या होत्या. ती कशाकडेच बघत नव्हती. बोटं हनवटीवरून फिरत होती. लालबागच्या नाक्यावर आल्यावर म्हणाली, "भाऊ, जल्मात मी एकच काम नीट केलंय. ता जास्तच नीट झाला."

त्यानंतर दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी मी गॅलरीत आरसा टांगून दाढी करत होतो. चंद्राक्का जवळ येऊन उभी राहिली.

"भाऊ, तुझो वस्तरो जरा माका दी."

"कशाला, आक्का?"

"हनवटेक लावतलंय. वस्तऱ्यान केस राकट येतत. लवकर येतत."

मी तो तिला धार लावून दिला. तेव्हा मीही ते खरं मानत होतो, आमच्याकडे सगळेच मानायचे. पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी मला सांगितलं की कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला खरखरीत लागतो, पण वस्तऱ्याने केस ना दाट होतो ना नव्याने उगवतो. आणि इतकी वर्षं मुळापासून ओढलेल्या जागी काही मुळं कायमची थकून जातात, तशी तिची गेली असावीत. पण हे त्या वेळी तिला सांगायला कोणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने वस्तरा ठेवला असता असं मला वाटत नाही.

होळीपासून ती दर दिवसाआड वस्तरा फिरवू लागली. काही नसलेल्या जागी साबण लावायची आणि वस्तरा ओढायची. गिरणीतल्या बायकांना ते कुठून तरी कळलं. "आक्का, पोलिसात भरती होतलंस काय?" असं त्या म्हणत. महिन्याभराने तिने वस्तरा मला परत केला आणि केसांची वाट बघू लागली. दर रविवारी मालतीला खिडकीशी उजेडात बसवून विचारायची, "इले काय गे?"

"दोन-चार दिसतात, आक्का."

"राकट आसत?"

मालतीला खोटं बोलता येत नसे. "नाही गं. मऊ आहेत. कापसाच्या तंतूसारखे."

"एवढ्यान त्येंका काय कळतला? आणखी होवंदेत."

मालतीने तिला पुष्कळदा सांगितलं, तशीच जा, पुन्हा जा, बोलत बस, ओळखतील. बाबूही दोनदा येऊन गेला. ती म्हणे, "दुसऱ्यांदा नाय म्हटल्यानी तर?"

आषाढात सखाराम वारला. बाबू सांगायला आला तेव्हा ती पाळीवरून नुकतीच परतली होती, केसांत सुताचे तुकडे तसेच होते. मालती आणि आई तिच्याबरोबर परळला गेल्या. नंतर आईने मला सांगितलं. तिथल्या बायकांनी विचारलं, ही कोण? बाबू म्हणाला, माझी थोरली काकी. बायका उठल्या, तिला प्रेताजवळ नेऊन बसवलं, तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, पोत तोडली. आई म्हणाली, "तेवढ्याक कोणी खूण मागूक नाय."

त्या दिवसापासून चंद्राक्काची हनवटीवरून बोटं फिरवायची सवय गेली. मुलींचं काम तिने सोडलं नाही. कुसुम यायची, आणखी चार-पाच जणी यायच्या. पाक तसाच होई, हातही तसाच चाले. फक्त आता आत कोणी कळवळलं तर ती चेष्टा करत नसे. "झाला गे, झाला," एवढंच म्हणे. बाबू सणावाराला येई. ती त्याला जेवू घाली.

साठ सालच्या माघात ती गेली. सुताच्या कणांनी छाती भरत आली होती, खोकला काही वर्षांचा होता, शेवटी तापाचं निमित्त झालं. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे तोवर नक्की झालं होतं आणि चाळीत त्याच बोलण्याचा उत्साह होता. ती गेली त्या सकाळी कुसुम गिरगावातून आली ती पिशवी घेऊनच, कारण तिला काही माहीत नव्हतं.

बायकांनी आंघोळ घातली. कुसुमने तोंड पुसताना पाहिलं, हनवटीवर डाव्या बाजूला पाच-सहा पांढरे केस होते, बारीक, लांब वाढलेले. छप्पनपासून तिने तिथे काही लावलं नव्हतं आणि चार वर्षांत एवढेच आले होते.

"आई, हे काढू का गं?" कुसुमने विचारलं. "तिला आवडायचं नाही असं."

"रवांदेत ते," आई म्हणाली. "थंय त्येका ओळख पटाक व्हयी."

अग्नी बाबूने दिला. परत आल्यावर कुसुमने पिशवी माझ्याकडे दिली. घरी परत न्यायला तिचं मन होईना. बाबू गॅलरीत ओल्या धोतराने उभा होता. मी पिशवी त्याच्या हातात ठेवली.

"हा काय?" त्याने विचारलं.

"साखर अर्धा शेर, लिंबं सहा," मी म्हटलं. "तुझ्या काकीचं येणं होतं."