कपाटातलं तपकिरी इंजिन

तंजावूरच्या ठाण्यात मी हेड कॉन्स्टेबल, तिथल्या बोलीत एट्टैया, होतो तेव्हाचं हे प्रकरण. इतकी वर्षं झाली, डोक्यातून जात नाही. मी पाचवी शिकलेला माणूस. पण माझ्या हातच्या फिर्यादीत बी.ए. झालेले साहेबसुद्धा अक्षर बदलत नसत.

नवरात्र चालू होतं. सकाळची हजेरी झाली आणि आमच्याच मराठी लोकांतले एक कॉलेजमास्तर आले. आगगाडीची विलायती, विजेवर चालणारी छोटी इंजिनं जमवायचा त्यांना नाद. चार दिवस मद्रासला गेले होते. परतले तर कपाटातलं एक गायब.

"एकाच साच्यातली दोन होती, एट्टैया. हिरवं आहे, तपकिरी गेलं."

"एक आहे ना घरात?"

"हिरवी पुष्कळ निघाली. तपकिरी अगदी थोडी. त्या रंगासाठी मी नऊ वर्षं पत्रं लिहिली."

मला काही कळलं नाही. फिर्याद लिहून घेतली.

दुपारी खबर लागली. मास्तरांच्या दारातल्या फुलवालीनं त्यांच्या म्हाताऱ्या गड्याला फडक्यात काहीतरी गुंडाळून नेताना पाहिलं होतं. वीस वर्षं त्या घरात राबलेला माणूस. कपाट पुसायचं कामही त्याचंच. उचलून आणला.

"काय नेलंस?"

"माहीत नाही, अय्या."

"कुणाला विकलंस?"

"विकलं नाही."

"मग नेलंस कुठं?"

गप्प. दोन दिवस गप्प. जो गप्प बसतो तो चोर, हे माझं ठाम मत. मी त्याच्या डाव्या हातावर लाठी चालवली. तो रडला, पण बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी फुलवालीला पुन्हा विचारलं, कुठल्या बाजूला वळला? म्हणाली, बाहुल्या रंगवणाऱ्यांच्या गल्लीत. तिथला कारागीर लगेच म्हणाला, "हो, इंजिन आणलं होतं. जुनाट, टवके उडालेलं. नवं करून त्याच्याच हाती परत दिलं."

मास्तरांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत पायऱ्या मांडून त्यांवर कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या मांडणीच्या, बाहुल्या बसवल्या होत्या. खालच्या पायरीवर मातीचं स्टेशन, त्यापुढे इंजिन. पोपटी, सोनेरी काठाचं, कपाळाला चंदनकुंकू. मास्तर बाजारचं खेळणं समजून रोज त्याच्यासमोरून जात होते. मी उलटं करून नखानं खरवडलं. आत तपकिरी.

मास्तरांची विधवा बहीण दाराशी उभी होती. ती खालीच बसली.

"दर वर्षी जुन्या बाहुल्या रंगवतोच की आपण," ती म्हणाली. "हेही तसंच दिलं. हा ओरडतच घरात आला, मला सांगायचा धीर झाला नाही. गड्याला मीच देवीची शपथ घातली, बोलू नको म्हणून."

"आणि त्याला धरून नेला तेव्हा?" मी विचारलं.

"आज सोडतील, उद्या सोडतील, असं म्हणत राहिले."

मास्तर इंजिन हातात घेऊन म्हणाले, "अक्का, चोरी झाली असती तर बरं होतं गं." गड्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला. स्वतःचा यायला पुढे बरीच वर्षं लागली.

ठाण्यात येऊन गड्याला कोठडीबाहेर काढलं. सगळं कळलं म्हणून सांगितलं.

"अक्कांना फार बोलले का?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

सुटकेच्या कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा नियम. अंगठा सुजून वांग्यासारखा झालेला. शाईत बुडवला तरी नुसता डाग उठे. मी दोनदा प्रयत्न केला. मग त्यानंच उजवा हात पुढे केला. "ह्याचा घ्या, अय्या. तुमचा कागद खराब होतोय."

तो त्या घरी परत गेला नाही. पापनाशमला मुलीकडे गेला. मी माफी मागितली नाही. पोलिसानं मागायची नसते, असं मी मानत होतो आणि हट्ट माझ्या रक्तातच आहे. पुढे सब-इन्स्पेक्टर झालो, शेकडो जबाब घेतले. समोरचा गप्प बसला की मी लाठी बाजूला ठेवून आधी विचारायचो, तुझ्या घरात कोण कोण आहे, कुणासाठी गप्प आहेस? पुष्कळांनी सांगितलं. त्याला मात्र मी हे विचारलं नव्हतं.