चिपवरचं कुंकू

मी लग्नाचे व्हिडिओ जोडते. नाकाडोंगरीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा कंप्युटर आहे, आणि आजूबाजूच्या गावांतली लग्नं हळदीपासून बिदाईपर्यंत त्याच्यातूनच बाहेर पडतात. बाबा चिखल्याच्या खाणीत कामाला होते. ते गेले तेव्हा आईचं कपाळ पुसलं गेलं, आणि त्या दिवसापासून तिनं कुंकवाच्या करंड्याला हात लावला नाही. कोणी मना केलं नव्हतं. आपल्याकडं बायांना हे सारं न सांगताच येतं, आणि तिथंच माझं डोकं फिरतं.

कंप्युटर फार संथ झाला म्हणून मी नवा, जास्त ताकदीचा प्रोसेसर घेतला. तुमसरचा दुकानदार स्वतः बसवायला आला. बिस्किटाएवढी चौकोनी चिप, वर चकचकीत धातूचं झाकण. आमच्या घरी सायकल असो की मोटारपंप, कुंकू लागल्याशिवाय नवी वस्तू चालू होत नाही. बाबा गेल्यावर ते काम आत्याकडं गेलं होतं, कारण ती सवासीण. त्या दिवशी मी करंडा काढला आणि आईसमोर धरला.

"तूच लाव."

"मी? पागल झाली काय वं? तुह्या आत्याले बोलाव."

"मशीन माही आहे. माह्या मायनंच लावलं पाहिजे."

ती रडवेली झाली, पण लावलं. एवढंसं, टिकलीभर. दुकानदारानं वरून कपडा फिरवला, तरी झाकणावर कोरलेल्या बारीक अक्षरांत लाल रंग बसला तो बसलाच. मग गरमी ओढून घेणारी पेस्ट लागली, पंखा बसला, मशीन सुरू झाली. मला भल्ला आनंद झाला होता, मशीनचा कमी आणि आईचा जास्त.

थोड्याच दिवसांत मशीन अडकू लागली. नवरीनं हार टाकायला हात वर केला की पडदा निळा! दुकानदारानं नवी चिप सोडून एकेक पार्ट बदलून पाहिला, फरक नाही. अशात एक दिवस आत्या आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा घोट घेत म्हणाली, "रांडव बाईच्या हातानं कुंकू लावून घेतलं, मंग दुसरं काय होईन?"

आई स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू जावं म्हणूनच ते बोललं गेलं होतं. मी आत्याला चांगली झाडली, पण घाव वर्मी बसला होता. आईनं पुढच्या खोलीत पाय ठेवणं सोडलं. झाडायला यायची तर दारातूनच झाडू माझ्या हाती द्यायची. मामाच्या पोराच्या लग्नात सगळ्या बाया मांडवात, आणि ही मागं भांड्यांजवळ बसलेली. बोलवायला गेले तर म्हणाली, "राहू दे. माह्या हातालेच यश नाही." मला तिथंच रडू आलं. रडू कमी, संताप जास्त.

त्यानंतर काही दिवसांनी कंपनीनं जाहीर केलं की एका खेपेच्या चिपा कारखान्यातूनच सदोष निघाल्या आहेत. झाकणावरचा नंबर जुळत असेल तर चिप परत आणा, बदलून मिळेल. मी पंखा उघडला, पेस्ट पुसली. कुंकवानं भरलेला नंबर लख्ख वाचता येत होता. जुळला! मी नाचतच आईला सांगायला गेले.

तिनं भाजी चिरता चिरता वर पाहिलंसुद्धा नाही. "मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिली तू."

झालं. मी तेव्हाच ठरवलं. चिप तर बदलून आणायचीच, पण खोट कंपनीची होती, हे त्या लोकांच्या तोंडून आईला ऐकवल्याशिवाय परत यायचं नाही.

तुमसर रोड स्टेशनवरून गाडी धरली आणि नागपूर गाठलं. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर टाय लावलेले एक साहेब होते. त्यांनी चिप भिंगाखाली धरली आणि माझ्याकडं परत सरकवली.

"यावर काहीतरी लावलंय मॅडम. हे रिकॉलमध्ये बसत नाही. कस्टमर डॅमेज."

"कुंकू आहे ते."

"तेच ना. कुंकवानंच बिघडली असेल."

बाप्पा! आमची आत्या टाय लावून नागपुरात बसली होती!

वर म्हणतात कसे, चूक तुमची होती असं लिहून द्या, नव्या चिपवर सूट देतो. घरी जाऊन काय सांगणार होते मी? की शिकलेसवरले लोकही आत्याचंच म्हणतात? "सूट ठेवा तुमच्याजवळ," मी म्हटलं आणि काउंटर धरून उभी राहिले. मागची लोकं कुरकुरायला लागली. कुरकुरू दिलं.

साहेबांच्या बाजूला परत आलेल्या चिपांचा ट्रे भरला होता.

"या साऱ्या बिघडलेल्या?"

"हो."

"यातल्या किती जणांच्या मायनं कुंकू लावलं होतं?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. ते चिप घेऊन आत गेले, आणि बऱ्याच वेळानं नवा डबा घेऊन बाहेर आले. "नंबर जुळला. खोट कंपनीचीच आहे. घ्या." मी डबा घेतला, पण हलले नाही.

"आता काय?"

"हेच माझ्या आईला फोनवर सांगा."

"ते आमचं काम नाही मॅडम."

"मंग कुंकवानं बिघडली म्हणणं काहून तुमचं काम होतं?"

मी घरी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्या तोंडापुढं धरला. आईचा बारीक आवाज आला. साहेबांनी घसा खाकरला.

"मावशी, सर्व्हिस सेंटरमधून बोलतोय. चिप कारखान्यातूनच खराब आली होती. तुमच्या कुंकवानं काही झालेलं नाही."

पलीकडून आईनं विचारलं,

"म्हणजे म्या लावलं नसतं, तरी बिघडलीच असती?"

"हो मावशी. बिघडलीच असती."

मग आईचा आवाज आला, बाबा असतानाचा, खणखणीत.

"थांब बापू. माही ननद इथंच बसून आहे. हा घे, तिच्या कानाले लावला फोन. आता हेच पुन्हा सांग, जरा मोठ्यानं."

साहेब माझ्याकडं पाहू लागले.

"सांगा ना," मी म्हटलं.