साडूंचं विमान आणि दोन भोकांची पट्टी

माझ्या थोरल्या साडूंइतका खात्रीचा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात झालेला नाही, आणि त्यांच्याइतका बिनभरवशाचाही नाही. खात्रीचा अशासाठी, की त्यांनी जोडलेली वस्तू पहिल्या झटक्यात चालते. बिनभरवशाचा अशासाठी, की ती एकदा चालली, की साडू ती उलगडून डब्यात भरतात. एका मे महिन्यात त्यांनी घरी कूलर बनवला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत असा गार वारा, की जेवण झाल्यावर मी तिथेच आडवा झालो. तासाभराने घामाघूम होऊन उठलो, तर कूलरच्या जागी चादर अंथरलेली आणि तिच्यावर पंखा, मोटार, पत्रे, नट, सगळं ओळीने मांडलेलं. मी कपाळाला हात लावला. साडू शांतपणे म्हणाले, "गार वारं आलं का न्हाय, गुरुजी? मग चालतंय हे कळलं की. आता ह्या मोटारीचं दुसरं कायतरी करू."

या दुखण्याचं मूळ एका खेळण्यात आहे. साडू मूळचे मंगळवेढ्याचे. लहानपणी वडिलांनी त्यांना सोलापूरच्या बाजारातून एक डबा आणून दिला होता. आत भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, चार चाकं, नटबोल्ट आणि बोटाएवढा पाना; झाकणावर क्रेन, पूल आणि विमान यांची चित्रं. पट्ट्या मोजक्याच, त्यामुळे पूल करायचा तर आधी क्रेन मोडावी लागे. इतर मुलांनी हा नियम खेळापुरता पाळला असता, साडूंनी तो जन्मभर पाळला. विमानाला मात्र सगळ्या पट्ट्या लागायच्या आणि दोन भोकांची एक छोटी पट्टी डब्यात मुळातच नव्हती. साडूंनी गोडेतेलाचा डबा कापून ती स्वतः केली. विमान झालं, दिवस मावळायच्या आत उलगडलंही. पण ती पट्टी आणि तो पाना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायमचे राहिले.

पुढे ते सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागांचे फिटर झाले. मालकाची त्यांच्याबद्दल एवढीच तक्रार होती, की माग सुरळीत चालू लागला की यांचं तोंड उतरतं. नटबोल्टावर त्यांचा जेवढा जीव, तेवढाच रिव्हेटवर राग. "रिव्हेट मारलं की वस्तू मेली, गुरुजी. परत खोलताच येत न्हाय." माझ्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या कढईच्या कानांचे रिव्हेट त्यांनी मांडवातच छिन्नीने तोडून नटबोल्ट बसवले. ती कढई अजून आमच्याकडे आहे. घासताना तिचे कान वेगळे काढून ठेवता येतात, आणि ही सोय आजवर कुणालाही लागलेली नाही.

निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठला तरी परदेशी म्हातारा आपल्या शेडमध्ये स्वतः बांधलेलं विमान दाखवत होता, आणि त्याच्यामागे फळीवर तसाच पट्ट्यांचा डबा! तो काय म्हणतोय हे सांगायला साडूंनी मला बोलावून घेतलं. म्हातारा म्हणत होता, घरी विमानं बांधणारे आम्ही बहुतेक सगळे पाना धरायला याच खेळात शिकलो. मी हे सांगितलं आणि साडूंचे डोळे भरून आले. "माजं भाऊबंदच की हे," ते म्हणाले, "आन् मला ठावच न्हवतं!"

दुसऱ्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांच्या विमानाचं काम सुरू झालं. ते नऊ वर्षं चाललं. सांगाडा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, पंख मात्र कापडाचे; आणि शिवणयंत्र अक्काचं. अक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. या बाईने संसारात एक कूलर, एक झोपाळा आणि एक पिठाची गिरणी चादरीवर मांडलेली पाहिली होती. ती म्हणाली, "पंख शिवते. पर ह्ये उलगडायचं न्हाय. तुमी केल्यालं एक तरी घरात उभं ऱ्हाऊ द्या." साडू म्हणाले, "बरं." अक्का शिवायला बसली. त्या 'बरं'वर माझा काडीचा विश्वास नव्हता.

उडवायला सरकारी कागद लागतो. तो आला नव्हता, आणि कागदाशिवाय साडू उडणारे नव्हेत. पण जमिनीवर पळवून बघायला काय हरकत? पंख सोडवून विमान टेम्पोत घातलं आणि मंगळवेढ्याला त्यांच्या भावाच्या मुरमाड माळावर नेऊन जोडलं. एक मेंढपाळ सगळी मेंढरं घेऊन बघायला थांबला. "उडंल का वो?" त्याने विचारलं. "न उडायला काय झालं?" साडू म्हणाले. इंजिन धडधडलं, मेंढरं पांगली, विमान माळावरून सुटलं आणि बघता बघता त्याची शेपटी जमिनीवरून उचलली गेली! पंखांना वारं लागलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. अक्काने पदर तोंडाला लावला. साडू परत आले, इंजिन बंद केलं, खाली उतरले, आणि त्यांचा हात खिशातल्या पान्याकडे गेला.

"अवो, बरं म्हनला हुता," अक्का हळूच म्हणाली.

"टेम्पोत घालायला खोलाया नगं व्हय?" साडू म्हणाले.

ते खरंच होतं. पण अक्का तोंड फिरवून मेंढरांकडे बघत राहिली आणि मला साडूंचा मनापासून राग आला. परतताना मी टेम्पोत साडूंशेजारी न बसता मागे पंखांजवळ जाऊन बसलो.

महिनाभराने धीर करून गेलो. शेडमध्ये चादर पाहायला लागणार, अशी मनाची तयारी केली होती. पाहतो तर विमान पंखांसकट उभं, आणि मागच्या सीटवर अक्का मेथी निवडत बसलेली. साडू बाजूला चहा पीत होते. कागद अजून आलेला नाही. साडूंच्या हाताला आता कंप सुटलाय. कागद येईल तेव्हा त्यांना कोण उडू देणार? हे मला कळतं, त्यांनाही कळत असावं.

"हितं हात लावा, गुरुजी," अक्का म्हणाली. तिच्या सीटच्या कडेला एक जुनाट पट्टी होती, गोडेतेलाच्या डब्याची, दोन भोकांची. मी सवयीने नट चाचपला. नट नव्हता. दोन्ही भोकांत रिव्हेट मारले होते.