तळघरातली शँपेन

मॅट्रिक झाल्यावर मी वर्षभर घरीच होते. वडील जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होते आणि लढाई सुरू झाल्यापासून त्यांची पाळी लांबतच चालली होती. एक दिवस माझ्या मिशन शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला. सिविल लाइंसमध्ये एक म्हातारी फ्रेंच मेमसाब एकटी राहते, मोतीबिंदूमुळे तिला वाचता येत नाही, रोज दुपारी तिला इंग्रजी पेपर वाचून दाखवायला मुलगी हवी आहे. आई कुरकुरली. परक्या बाईच्या घरी, तेही जिथे दारू असणारच. वडील म्हणाले, “जाऊ दे ना तिला. घरी बसून तरी काय करून राहिली?”

अशी मी तिथे जाऊ लागले.

मेमसाबचा नवरा इंग्रज अधिकारी होता, तो वारून बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात एक खानसामा आणि ती. हिंदुस्तानी ती नोकरांकडून शिकलेली होती, त्यामुळे तिच्या बोलण्यात बाई ‘आता है’ आणि माळी ‘आती है’. पेपरातली तिला एकच बातमी हवी असे, फ्रान्सची. तिचं गाव जर्मनांच्या ताब्यात होतं. त्या हिवाळ्यात मात्र तिनं ठरवूनच टाकलं होतं, की येत्या वर्षात गाव सुटणार. आणि गाव सुटेल त्या दिवशी उघडायला बाटल्या तयार हव्यात.

कसल्या बाटल्या, असं मी विचारलं तेव्हा तिनं मला द्राक्षांच्या मळ्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मग पेपर बाजूलाच राहू लागला.

तिचं माहेर शँपेन प्रांतातलं. बाप द्राक्षाचा शेतकरी, मळा एवढासा, माझ्या मामाच्या संत्र्याच्या बागेहून लहान. जमीन खडूची. वर हातभर माती आणि खाली सगळं पांढरं. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा नवऱ्यानं तिला नर्मदेवर भेडाघाटला नेलं. ते पांढरे कडे बघून ती नावेतच रडली होती, असं तिनं सांगितलं. तिच्या गावातले लोक वसंतात गोठलेल्या दहिवरानं कोंब जळू नयेत म्हणून ओळींमधून शेकोट्या पेटवून जागत. वेल छाटली की कापल्या जागेतून पाणी गळतं, त्याला ते वेल रडली म्हणतात. एवढं करून द्राक्षं जायची बड्या व्यापाऱ्यांकडे, आणि बाटलीवर नाव लागायचं व्यापाऱ्याचं. म्हणून तिचा बाप दर साली थोडी द्राक्षं मागे ठेवून घरची शँपेन करी. आमच्या घरची, हे शब्द ती फार सावकाश उच्चारी.

ती कशी होते, तेही मी शिकले. आधी साधी वाइन करायची. मग बाटलीत थोडी साखर आणि खमीर घालून बूच घट्ट बांधायचं. आत ती पुन्हा आंबते, हवा धरते. त्या हवेला बाहेर जायला वाट नसते, तिचाच पुढे फेस होतो. खमीर मरून तळाशी गाळ बसतो आणि मग वर्षानुवर्षं बाटल्या अंधारात आडव्या पडून राहतात.

तिच्या तळघरातल्या बाटल्या मागच्या महायुद्धातल्या होत्या. गावाजवळ तोफा चालू असताना बायका, म्हातारे आणि पोरं मिळून द्राक्षं तोडत होती. तिचा धाकटा भाऊ पायानं अधू म्हणून सैन्यात गेला नव्हता. ती वाइन त्यानंच बाटल्यांत भरली. पुढल्या उन्हाळ्यात तो मळ्यात काम करत होता आणि तोफगोळा पडला. पुरायला फारसं काही मिळालं नाही, एवढंच ती म्हणाली. लग्नात बापानं तिला आहेर म्हणून त्याच बाटल्या दिल्या, गाळासकट, अर्धवट.

आता तो गाळ बुचाशी आणायचा होता. त्यासाठी बाटल्या उताराच्या फळ्यांमधल्या भोकांत मान खाली करून लावायच्या, रोज प्रत्येकीला झटका देऊन थोडं फिरवायचं आणि हळूहळू उभं करत न्यायचं. तिला जिना उतरवत नव्हता. खानसामा दारूला हात लावत नसे. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी घरी काही बोलले नाही. बाटल्या फिरवणं म्हणजे पिणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली.

तळघर मागच्या व्हरांड्याखाली होतं. किल्ली एकच, मेमसाबच्या कमरेला. खाली वाळ्याचे ओले पडदे टांगलेले, म्हणून बाहेर लाही होत असतानाही आत गारवा असे. प्रत्येक बाटलीच्या बुडाला मी चुन्यानं एक रेघ ओढली, म्हणजे कुठवर फिरवली ते कळेल. पहिल्या दिवशी सगळ्या रेघा वर, घड्याळातल्या बारासारख्या. फिरवून झाल्यावर त्या जरा उजवीकडे कलल्या.

दुसऱ्या दिवशी कंदील घेऊन खाली गेले तर रेघा मी ठेवल्या होत्या तिथे नव्हत्या. सगळ्या आणखी तेवढ्याच पुढे गेलेल्या. एकही मागेपुढे नाही.

मला वाटलं, मीच विसरले. तिसऱ्या दिवशीही तसंच. वर येऊन मी मेमसाबला सांगितलं. ती विणत होती, सुया थांबल्या नाहीत. “उसने फिराया,” ती म्हणाली. “तेरा हाथ जल्दी करता है. उसको पसंद नहीं.”

मी किल्ली तिच्या हातात दिली.

घरी मी वडिलांना आडून विचारलं, की कारखान्यातल्या तोफांच्या चाचणीनं फळीवरच्या वस्तू फिरतात का. ते म्हणाले, का नाही फिरणार, आपल्या घरातली भांडी नाही का सरकत. मला हायसं वाटलं. पण रविवारी चाचणी नसे, आणि सोमवारी गेले तर रेघा पुढे गेलेल्याच होत्या. मग मी एका संध्याकाळी निघताना घरून नेलेली रांगोळी पायऱ्यांवर आणि फळ्यांसमोर भुरभुरली. दुसऱ्या दिवशी रांगोळी जशीच्या तशी. उंदराचंही पाऊल नव्हतं. रेघा मात्र पुढे.

काम सोडून द्यावं असं मनात आलं होतं. का सोडलं नाही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. भीती होती, पण त्या तळघरात मला कोणी वाईट चिंतत असल्यासारखं कधीच वाटलं नाही. उलट कोणीतरी माझं काम बघतंय आणि त्याला ते फारसं पटलेलं नाही, असं वाटे. शिकवणाऱ्यासमोर वाटतं तसं. एकदा मी बाटली धरली असताना माझं मनगट आपोआप वळलं, मी वळवणार होते त्याहून कमी आणि जास्त झटक्यानं. हातावर काही लागलं नव्हतं. फक्त तेवढी जागा गार पडली होती. त्यानंतर मी तशीच फिरवू लागले, आणि त्यानंतर रेघाही मी ठेवीन तिथेच राहू लागल्या. मेमसाबला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली.

वैशाखात जबलपूर भाजून निघत होतं. पडदे सकाळी भिजवले तरी दुपारपर्यंत कोरडे होत. एका दुपारी मी किल्ली फिरवली, कडी निघाली, पण दार उघडेना. जोर लावला तर बोटभर उघडलं आणि परत मिटलं. लाकूड फुगलं असेल म्हणावं तर दिवस कोरडे. मी खांदा लावला. आतून कोणी पाठ टेकवून उभं राहावं तसं दार मऊ दबत होतं आणि परत येत होतं. मी पुन्हा ढकलणार तोच आत पहिली बाटली फुटली.

आवाज तोफेसारखाच झाला. मग दुसरी, तिसरी, आणि मग मोजता येईनात. दारावर काचा आदळताना माझ्या तळहातांना जाणवत होत्या. मी तिथेच खाली बसले. खानसामा ओट्यावरून ओरडत होता, काय म्हणत होता ते ऐकू येत नव्हतं.

सगळं शांत झाल्यावर दार माझ्या नुसत्या बोटानं उघडलं.

समोरच्या भिंतीत काचा रुतल्या होत्या. जिथे मी रोज उभी राहत असे त्या जागेच्या मागे, माझ्या तोंडाच्या उंचीवर, सगळ्यात जास्त. जमिनीवर फेस विझत होता आणि त्याचा वास भाजलेल्या पावासारखा होता. कोपऱ्यातली शेवटची फळी तेवढी वाचली होती.

मेमसाब पांढरीफटक पडली होती. तिनं माझा चेहरा हातांनी चाचपून पाहिला, डोळे, गाल, मान. तिच्या गावात उन्हाळ्यात तळघरात उतरणारे लोखंडी जाळीचा मुखवटा घालत, एक फुटली की शेजारच्या फुटत जातात म्हणून, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. “मैं भूल गया,” ती म्हणाली. “मैं बूढ़ा हो गया. वो नहीं भूला.” मग ती बराच वेळ आपल्या भाषेत बोलत राहिली. तोंड माझ्याकडे नव्हतं.

पावसाळा संपत आला तेव्हा मी पेपरात तिचं गाव सुटल्याची बातमी वाचली. गावाचं नाव छापलेलं नव्हतं, जवळच्या शहराचं होतं, पण तिनं ते मला तीनदा वाचायला लावलं. मग खानसाम्याला बर्फ आणायला पाठवलं.

वाचलेल्यांतली एक बाटली मी मान खाली धरूनच वर आणली. पुढचं तिनं केलं. जिला डोळ्यांनी दिसत नव्हतं त्या म्हातारीनं बाटली बगलेत धरली, बूच सैल केलं आणि ते उडायच्या क्षणी बाटलीची मान झटकन वर केली. गाळ अंगणात उडाला. बाटलीच्या तोंडावर तिनं अंगठा दाबला. शेतकऱ्याच्या पोरीचे हात होते ते, हे मी तेव्हा पाहिलं.

पेले तीन मांडायला सांगितले होते. मी एकामागून एक भरले, एकाच बाटलीतून. रंग जुन्या तुपासारखा. बुडबुडे बारीक, एका धाग्यात वर येणारे. मी घोटभर घेतली. आधी आंबट, मग सुक्या मेव्याचा आणि पावसात भिजलेल्या दगडाचा वास नाकात चढला. आवडली असं म्हणवत नाही. पण तिनं सांगितलेलं सगळं, ती पांढरी माती आणि त्या शेकोट्या, त्या घोटात होतं.

“तीसरा गिलास देख,” मेमसाब म्हणाली. “बुलबुले हैं?”

मी बघितलं. माझ्या पेल्यात होते, तिच्या पेल्यात होते. तिसऱ्यात एकही नव्हता. वाइन तेवढीच होती, पण साध्या पाण्यासारखी निश्चल. मी काच पुसून पाहिली, कंदील जवळ आणला. नव्हते.

मी तसं सांगितलं. तिनं मान हलवली आणि आपला पेला हळूहळू संपवला.

त्या दिवसानंतर मी तळघरात अनेकदा उतरले. मनगट कधी गार पडलं नाही. तिथे आता फक्त वाळ्याचा वास येई.

लढाई संपल्यावर मेमसाब फ्रान्सला निघून गेली. मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. मळा आता भाच्याकडे आहे, छाटणी तरी शिकवीन त्याला, असं ती म्हणाली. गाडी सुटताना तिनं खिडकीतून माझं मनगट धरलं आणि हवेत एकदा फिरवून दाखवलं, बरोबर तेवढंच.

त्याच संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं, तो घोटही. आई पोळ्या लाटत होती. तिनं विचारलं, “काहून प्यायलीस?”

त्याच्यासाठी, मी म्हणाले. आईनं पुढची पोळी तव्यावर टाकली आणि तो कुठल्या गावचा होता, एवढंच विचारलं.