आयतु

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? कंटाळलो म्हणून. एका वयानंतर लपवायचासुद्धा कंटाळा येतो.

मी बेळगावात राहतो आणि रहस्यकथा लिहितो. नवरा-बायकोच्या. बंद दारं, संशय, शेवटी एक खून. लोक विचारतात, हे सगळं सुचतं कुठून? मी नुसता हसतो. कुठून सुचणार?

माझी धाकटी बहीण सुनंदा निपाणीत दिलेली. घर दोन भाषांचं, मराठी आणि कानडी. एकदा माहेरी आली तेव्हा मेथी निवडता निवडता म्हणाली, "अण्णा, ते वरडले तर मला भ्या न्हाय. हळूच 'आयतु' म्हणाले, की मी आधी बांगड्या काढून ठेवतो."

आयतु — इकडं दिवसातून पन्नासदा कानावर पडणारा कानडी शब्द. झालं, ठीक आहे, एवढाच अर्थ. ते ऐकून भाऊ म्हणून माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. काटा आला, पण लेखक म्हणून — खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला होता.

दिवाळी अंकात कथा आली. नावं बदलली, गाव बदललं. बांगड्या ठेवल्या. शब्दही ठेवला — तो काढला असता तर कथेत राहिलं काय असतं? पत्रं आली, बक्षीस लागलं.

बक्षीस घ्यायचं त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "अण्णा, त्यांनी अंक वाचला. मिटून टेबलावर ठेवला आनि आयतु म्हणाले. आत्ता भाईर गेल्यात. येतोस न्यायला?"

निपाणी काय, दीड तासाची वाट. मी म्हणालो, "आज न्हाय जमायचं गं, कार्यक्रम हाय. उद्या येतो."

फोन तसाच चालू होता. मग बांगड्यांचा आवाज आला — एकेक काढून ठेवल्याचा. तो मला लगेच ओळखता आला. मीच तर लिहिला होता.

मी फोन ठेवला आणि इस्त्रीचा सदरा घातला. संध्याकाळी कुणीतरी कथेतला तो उतारा वाचला, टाळ्या पडल्या. मी हात जोडले.

सुनंदाला आता डाव्या कानानं ऐकू येत नाही. मोरीत पाय घसरला, असं ती सगळ्यांना सांगते. मीही तसंच सांगत आलो.